फार्मसी फर्स्ट: ‘नाही’ नीट समजावून सांगणारी सेवा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांसाठी हे लिहितेय. घसा, कान, सायनस, लघवीची जळजळ अशा तक्रारींसाठी एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) ‘फार्मसी फर्स्ट’ ही सेवा ३१ जानेवारी २०२४ पासून सुरू आहे. जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट लागत नाही. जवळच्या औषधाच्या दुकानात जायचं, तिथला फार्मासिस्ट आतल्या छोट्या खोलीत नेऊन तपासतो आणि खरंच गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा स्वतःच देतो. तपासणीचे पैसे पडत नाहीत. आम्ही रेडिंगला राहतो. घरात मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी, आणि आम्हा सगळ्यांनाच कधी ना कधी या सेवेचा उपयोग झाला आहे. ती मला मनापासून आवडली, पण औषध झटपट मिळतं म्हणून नव्हे. औषध न देताही माणसाला समाधानाने घरी पाठवता येतं, हे मी त्या छोट्या खोलीत पाहिलं.

लग्नाआधी मी डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) करून चिंचवडला एका मेडिकलच्या काउंटरवर काम करत होते, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजूही मला चांगली ठाऊक आहे. संध्याकाळी नुसती झुंबड असायची. ‘ताई, ती लाल-काळी कॅप्सूल द्या, सर्दीची.’ ‘दोनच द्या, बरं वाटलं तर पुढच्या कशाला?’ ‘मागच्या महिन्यात डॉक्टरांनी दिली होती ना, तीच.’ आम्ही कात्रीने पट्टी कापून द्यायचो. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ही औषधविक्रीच्या नियमांतली कडक यादी लागू झाली. त्यातल्या ४६ औषधांसाठी वेगळी वही ठेवायची, तीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि ती तीन वर्षं जपायची. वही चोख लिहिली जायची. पण सगळ्यात जास्त खपणारी अमॉक्सिसिलिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या यादीत नव्हतीच. चिठ्ठी त्यांनाही लागते, मात्र वहीचा धाक नाही. पुढे २०१६ मध्ये ‘लाल रेघ’ मोहीम आली. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा साधा अर्थ. चांगली मोहीम होती आणि आजही ती रेघ कामाची आहे. पण पट्टी कापून विकली की रेघेचा अर्थ सांगणारी चौकट अनेकदा दुसऱ्याच तुकड्यावर राहते. आणि समोरच्याला ‘हे तुम्हाला नको’ असं पटवायचं तर पाच-सात मिनिटं लागतात, ती गर्दीच्या काउंटरवर कुणापाशीच नसतात.

इथे ती मिनिटं मिळतात. या सेवेचं मोल मला तिथेच वाटतं.

मुलाचा घसा धरला तेव्हाचं सांगते. सोमवारची सकाळ, अंगात ताप, गिळताना डोळ्यांत पाणी. आठच्या ठोक्याला जीपीच्या फोनच्या रांगेत लागायचं सोडून आम्ही कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेलो. फार्मासिस्ट बाईंनी खोलीत बसवलं, टॉर्चने घसा पाहिला, मान चाचपली आणि एकेक प्रश्न विचारला. गेल्या २४ तासांत ताप होता का? दुखायला लागून किती दिवस झाले? खोकला किंवा नाक वाहणं आहे का? टॉन्सिलवर पू दिसतोय का, ते खूप सुजलेत का? या पद्धतीला ‘फीव्हरपेन’ म्हणतात. प्रत्येक गोष्टीला एक गुण, एकूण पाच. खोकला-सर्दी नसेल तर एक गुण मिळतो, कारण खोकला-सर्दी सोबत असली की ते दुखणं बहुधा विषाणूचं असतं. आमच्या चिरंजीवांना तापाचा एक आणि तीन दिवसांच्या आत आल्याचा एक, असे दोन गुण पडले.

मग त्या जे बोलल्या ते मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन-तीन गुण असले तर घशात स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू असण्याची शक्यता ३४ ते ४० टक्के असते, म्हणजे नसण्याचीच जास्त. आणि असला तरी बहुतेकांचा घसा आठवड्याभरात आपोआप बरा होतो. अँटिबायोटिक घेतलं तर दुखण्याचा एकूण काळ सरासरी १६ तासच कमी होतो. सोळा तास! मी काउंटरवर इतकी वर्षं काढली, हा आकडा मला कुणी सांगितला नव्हता. त्या सोळा तासांसाठी जुलाब, अंगावर पुरळ आणि पोटातल्या चांगल्या जिवाणूंचा नाश पत्करायचा का, असं त्यांनी मलाच विचारलं. शेवटी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, थंड मऊ खाणं आणि एक कागद. तीन ते पाच दिवसांत उतार पडला नाही तर परत या. श्वासाला त्रास झाला, लाळ गिळता येईना, मान ताठ झाली किंवा मूल एकदम मलूल झालं तर थांबू नका. हे सगळं सांगून मुलाला त्यांनी विचारलं, ‘तुला काही विचारायचंय?’ त्याने विचारलं, शाळेत कधी जाऊ? त्यांनी त्यालाही नीट उत्तर दिलं.

तो कागद मी फ्रिजवर लावला आहे. कुठलं दुखणं साधारण किती दिवस चालतं याचा त्यात तक्ता आहे: कान ८ दिवस, घसा ७ ते ८, साधी सर्दी १४, सायनस १४ ते २१, खोकला २१ दिवस. आपल्याकडे चौथ्या दिवशी खोकला गेला नाही की घरात काळजी सुरू होते. एकवीस दिवस हा आकडा डोळ्यांसमोर असला तर निम्मी घाई आपोआप कमी होते. अँटिबायोटिकच्या शिक्षणाची पोस्टरं मी पुष्कळ पाहिली आहेत. ‘विनाकारण घेऊ नका’ असं ती सांगतात आणि ते खरंच आहे. पण आईला त्या क्षणी जे कळायला हवं असतं ते वेगळं: हे किती दिवस चालणार, मी काय करू आणि कशाला घाबरू. या कागदात तिन्हींची उत्तरं आहेत.

संध्याकाळी पिंपरीला फोन लावला. आई म्हणाली, ‘अगं, तीन गोळ्यांचा कोर्स दिला असता तर बुधवारी शाळेत गेला असता की.’ बाबांनी फोन घेतला. बाबा हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये फर्मेंटेशनला, म्हणजे मोठ्या टाक्यांत पेनिसिलीन तयार करायच्या विभागात होते, माझं लहानपण एच.ए. कॉलनीत गेलं. देशातला हा पहिला सरकारी औषध कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी पिंपरीत पेनिसिलीन बनू लागलं. बाबा म्हणाले, ‘आमच्या टाकीत बाहेरचा एखादा जिवाणू शिरला आणि तो पेनिसिलीन फोडणारा निघाला, तर तयार झालेलं पेनिसिलीन टाकीतल्या टाकीत संपायचं. अख्खी बॅच वाया. जंतू औषधाला पुरून उरतो हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. बाईंनी दिलं नाही ते बरोबरच केलं.’ आईने त्यावर काही म्हटलं नाही, पण दोन दिवसांनी तिनेच विचारलं, त्या कागदावर खोकल्याला किती दिवस लिहिलेत?

पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणात घशाचंच उदाहरण दिलं होतं. एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून पेनिसिलीन विकत घेतो, जंतू मरतील इतकं घेत नाही, पण त्याला तोंड द्यायला जंतू शिकतील इतकं मात्र घेतो. मग तोच जंतू बायकोला जातो आणि तिच्यावर औषध चालत नाही. हे औषध बाजारात सर्रास मिळण्याआधीचं बोलणं आहे. २०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे गेली असा अंदाज आहे. इंग्लंडमध्येसुद्धा २०२४ मध्ये अशा संसर्गांची आठवड्याला सुमारे ४०० नवी प्रकरणं नोंदली गेली. त्यामुळे दूरच्या कुठल्या तरी देशाचा हा प्रश्न आहे असं इथे बसून म्हणता येत नाही.

आता बॅगेतल्या गोळ्यांविषयी. भारतातून परतताना आपल्या मंडळींच्या बॅगेत चितळ्यांच्या बाकरवडीशेजारी औषधांची पिशवी असते आणि तीत अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्यांची पट्टी बहुधा असतेच. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिवाळ्यात ‘कुणाकडे अ‍ॅझी आहे का?’ असा मेसेज येतो आणि दहा मिनिटांत कुणी तरी नेऊनही देतं. मदतीची भावना खरी आहे, ती मला मोलाची वाटते. पण ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गवारीत ‘वॉच’ गटात आहे, म्हणजे प्रतिकार वाढण्याचा धोका जास्त, म्हणून जपून वापरायची. शिवाय तिचं काम तीन दिवसांत संपत नाही. ती शरीरात रेंगाळते, हळूहळू कमी होत जाते आणि त्या थोड्याथोडक्या मात्रेत जिवाणू तिला सरावतात. फार्मसी फर्स्टमध्ये घशासाठी अँटिबायोटिक द्यायचीच वेळ आली तर पहिली निवड साध्या जुन्या पेनिसिलीन व्हीची असते, पाच दिवसांसाठी. बाबांना हे ऐकून फार आनंद झाला.

सेवा फक्त नकार देणारी आहे असा समज होऊ नये म्हणून माझाही अनुभव सांगते. मला लघवीला जळजळ सुरू झाली, रात्री उठावं लागायला लागलं. इथेही तीन ठरलेले प्रश्न असतात: जळजळ, रात्री नव्याने उठावं लागणं, लघवी गढूळ दिसणं. तिन्हींपैकी दोन असली तर औषध. ताप, थंडी, पाठीत कुशीकडे दुखणं आहे का हे त्यांनी दोनदा विचारलं, कारण मग मूत्रपिंडाचा संशय येतो आणि ते काम फार्मसीचं नाही. मला नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक मिळालं, दिवसातून दोनदा, तीन दिवस, जेवणाबरोबर. लघवीचा रंग गडद पिवळा-तपकिरी होईल, घाबरू नका, हेही आधीच सांगितलं. औषधाचे नेहमीचे ९.९० पौंड पडले. १६ वर्षांखालच्या मुलांना तेही नाहीत. माझ्या जीपीकडे नोंद आपोआप गेली. एका दुखण्याला लगेच गोळी आणि दुसऱ्याला नाही, आणि दोन्हींचं कारण कळलेलं: मला यात न्याय वाटतो.

मुलीचा कान दुखला तेव्हा ती कान तपासायची दुर्बीण जवळ येऊ देईना. बाईंनी तिला आधी दादाच्या कानात डोकावून पाहायला दिलं, मग तिने स्वतः कान पुढे केला. पडदा लाल होता पण फाटलेला नव्हता, म्हणून वेदना थांबवणारे थेंब आणि पॅरासिटामॉल. बहुतेक मुलांचं तीन दिवसांत थांबतं म्हणाल्या, तसंच झालं.

नवऱ्याच्या नावापुढे लहानपणापासून ‘पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी’ लिहिलेली आहे. सांगलीला कधी तरी इंजेक्शननंतर पुरळ उठलं होतं, एवढीच त्याची माहिती. फार्मासिस्टने किती तासांनी, कसलं पुरळ, श्वास लागला होता का, असं खोदून विचारलं. अ‍ॅलर्जी आहे असं समजणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांना ती खरोखर असते, असं सांगून जीपीशी बोलायला सुचवलं. ती नोंद पुसली गेली तर पुढे कधी गरज पडल्यास साधं पेनिसिलीन वापरता येईल, नाही तर उगाच मोठी औषधं वापरावी लागतात. स्वतःच्या मनाने मात्र हा प्रयोग कुणी करू नये.

आता डिजिटल बाजू. एनएचएसच्या संकेतस्थळावर प्रत्येक आजाराची माहिती सोप्या इंग्रजीत आहे आणि फार्मसी कधी, जीपी कधी, ९९९ (तातडीच्या मदतीचा फोन) कधी हे वेगवेगळ्या चौकटींत दाखवलेलं आहे. ते मला सगळ्यात उपयोगी वाटतं. ‘अँटिबायोटिक गार्डियन’ या २०१४ पासूनच्या मोहिमेत आपण पालक, विद्यार्थी, डॉक्टर असं काय आहोत ते निवडून एक वचन द्यायचं असतं. मी दिलं आहे. २०२४ मध्ये ‘अँडी बायोटिक’ हे कार्टून पात्र आलं: सर्दी-फ्लूला घेऊ नका, सांगितल्याप्रमाणे घ्या, उरवून ठेवू नका, दुसऱ्याला देऊ नका. माझ्या मुलाला ते आवडलं. पण ते १८ ते ३४ वयाच्या लोकांसाठी आखलेलं आहे, आणि आपल्या घरांत औषधाची पेटी ज्यांच्या ताब्यात असते त्या आजी-आजोबांपर्यंत ते पोहोचत नाही.

म्हणून आम्ही मंडळात आमच्या परीने थोडं केलं. त्या तक्त्यातले दिवस मराठीत लिहून ग्रुपवर टाकले, खाली धोक्याची लक्षणं. नागपूरचे एक निवृत्त डॉक्टर काका लगेच म्हणाले, भारतातली परिस्थिती वेगळी असते, टायफॉइड, टीबी विसरू नका. त्यांचं म्हणणं रास्त होतं, म्हणून ‘भारतातून नुकतेच आलात आणि ताप असेल तर ते आवर्जून सांगा’ ही ओळ त्यांच्याकडूनच लिहून घेतली. गणेशोत्सवात आरतीनंतर इथल्याच एका फार्मासिस्ट बाईंना अर्धा तास बोलायला बोलावलं. भाषण म्हणून त्या फार बोलल्या नाहीत. लोकांनी प्रश्न विचारले, खरेखुरे. एका आजींनी विचारलं, ‘बरं वाटल्यावर उरलेल्या गोळ्या सुनेला दिल्या तर काय बिघडलं?’ उत्तर ऐकून त्या म्हणाल्या, ‘मग टाकायच्या कुठे?’ इथली कुठलीही फार्मसी उरलेली, मुदत संपलेली औषधं फुकट परत घेते, हे खोलीतल्या कितीतरी जणांना माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारी मी चार-पाच घरांतल्या पिशव्या एकत्र करून नेऊन दिल्या. कचऱ्यात किंवा सिंकमध्ये टाकण्यापेक्षा हे किती तरी चांगलं.

उणिवाही आहेत. वयाच्या अटी लोकांना गोंधळात टाकतात: लघवीच्या संसर्गासाठी फक्त १६ ते ६४ वयाच्या, गरोदर नसलेल्या बायका, कानासाठी १ ते १७ वर्षं, घसा पाच वर्षांपुढे, सायनस १२ पुढे, नागीण १८ पुढे. पासष्टीच्या आजींना लघवीच्या त्रासासाठी जीपीच गाठावा लागतो. कारणं वैद्यकीय आहेत, पण दारावर ती मोठ्या अक्षरांत लिहायला हवीत. सगळीकडे सारखी आस्थाही नसते. एका दुकानात (नाव घेत नाही) नवऱ्याला काउंटरवर उभ्याउभ्याच दोन प्रश्न विचारून परत पाठवलं, खोलीत नेलंच नाही. खोली, वेळ आणि कागद यांतलं काही गळालं की मागे राहतो तो कोरडा नकार, आणि कोरडा नकार मिळालेला माणूस बॅगेतली पट्टी उघडतो. भाषेचंही पाहायला हवं. आई-बाबा इथे येतात तेव्हा त्यांना समजेल असा मराठी कागद मला मनापासून हवा आहे.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा मी भाषेसाठी राखून ठेवला आहे.

जाण्याआधी फोन करून फार्मासिस्ट खोलीत बसून तपासायला मोकळे आहेत का एवढं विचारा, विशेषतः शनिवारी. जीपीचं नाव, चालू औषधांची यादी, अ‍ॅलर्जीची माहिती आणि भारतात नुकती घेतलेली अँटिबायोटिक असेल तर तिची पट्टी सोबत न्या. अगदी तान्ह्या बाळाचा ताप, श्वासाचा त्रास, छातीत दुखणं, भान हरपणं यांसाठी फार्मसीत वेळ घालवू नका, १११ (एनएचएसचा सल्ल्याचा फोन) किंवा ९९९ लावा. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये फार्मसीच्या स्वतंत्र योजना आहेत, त्यांच्या अटी तिथल्या दुकानात विचारून घ्या.